ताशी 306 किलोमीटर हा आकडा आला कुठून?

प्रश्न असा आहे. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात टोर्नेडोने, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या फिरत्या वाऱ्याच्या सोंडेने, मेफिल्ड गाव उद्ध्वस्त केलं. बातम्यांत वाऱ्याचा वेग ताशी 190 मैल, म्हणजे 306 किलोमीटर दिला होता. एवढ्या वाऱ्यात कुठलं यंत्र टिकलं? तो वेग मोजला कुणी? आणि इतकी माणसं गेली, तरी टोर्नेडोची सगळ्यात वरची श्रेणी, ईएफ-5, न देता ईएफ-4 वर का थांबले? विचारणारा मुलगा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, श्रीवर्धनचा आहे, निसर्ग चक्रीवादळात स्वतःच्या घरावरचे पत्रे उडताना त्याने पाहिलेत. म्हणून जाता जाता हेही विचारलंय, की असा अभ्यास आपल्याकडे करता येईल का.

मी गेली 22 वर्षं अमेरिकेच्या मध्य भागात स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून काम करतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं पडलेल्या इमारती बघण्यात गेली आहेत. हवामान खात्याचा मी माणूस नाही. घरमालक, विमा कंपन्या आणि कधीकधी वकील बोलावतात, मग जातो. त्या डिसेंबरात पश्चिम केंटकीत मी काही दिवस होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. तो वेग कुणीही मोजलेला नाही. काय काय मोडलं, ते कसं बांधलेलं होतं आणि ते मोडायला साधारण किती वारा लागला असेल, असा उलटा हिशोब करून तो काढलाय. ईएफ श्रेणी म्हणजे मुळात नुकसानीची श्रेणी. तिच्या शेजारी छापलेला वेग हा अंदाज असतो. बातमीत येताना ‘अंदाजे’ हा शब्द गळतो, एवढंच.

ही पद्धत बसवली तेत्सुया उर्फ टेड फुजिता यांनी, शिकागो विद्यापीठात, 1971 मध्ये. जपानी माणूस. तरुणपणी हिरोशिमा आणि नागासाकीत बॉम्बनंतरची पाहणी करायला गेला होता. झाडं कुठल्या दिशेला आडवी झालीत यावरून स्फोट हवेत किती उंचीवर झाला ते काढता येतं, ही नजर त्याला तिथे आली, आणि पुढे टोर्नेडोच्या वाटेवर त्याने तीच वापरली. पण त्याच्या मूळ श्रेणीतले वरचे वेग फार चढे होते. एफ-5 म्हणजे ताशी 261 मैलांच्या पुढे! 1970 मध्ये टेक्ससमधल्या लबक शहरावर टोर्नेडो आला, त्यानंतर तिथल्या टेक्सस टेक विद्यापीठातल्या इंजिनियर मंडळींनी मोडलेल्या इमारतींची आकडेमोड सुरू केली. साधं लाकडी घर भुईसपाट व्हायला एवढा वारा लागतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच पुढे सुधारित श्रेणी तयार झाली. तीच ईएफ, म्हणजे एन्हान्स्ड फुजिता, अमेरिकेत 1 फेब्रुवारी 2007 पासून लागू.

या श्रेणीत नुकसानीच्या 28 खुणा ठरवलेल्या आहेत. राहतं घर, मोबाइल होम, शाळा, मॉल, धान्याचं कोठार, विजेचा खांब, टणक लाकडाचं झाड, मऊ लाकडाचं झाड, असं करत 28. प्रत्येक खुणेला नुकसानीच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला तीन वेग: अपेक्षित, किमान आणि कमाल. राहत्या घराच्या दहा पायऱ्या आहेत. छपराचा बराच भाग उडाला पण भिंती बहुतेक उभ्या, ही सहावी पायरी, अपेक्षित वेग ताशी 122 मैल. आतल्या एकदोन लहान खोल्या सोडून सगळं कोसळलं, आठवी, 152 मैल. सगळ्या भिंती पडल्या, नववी, 170. घर झाडून नेल्यासारखं गेलं आणि खाली जमिनीवरचा नुसता काँक्रीटचा स्लॅब उरला, दहावी, 200 मैल. आता दहाव्या पायरीचे किमान-कमाल बघा: 165 ते 220. म्हणजे अगदी एकसारखे दिसणारे दोन रिकामे स्लॅब असतील, तर एक ईएफ-3 (165 मैलांपर्यंत) ठरू शकतो आणि दुसरा ईएफ-5 (200 च्या वर).

हे वेग आले कुठून, असं तुम्ही विचाराल आणि विचारायलाच हवं. वाऱ्याच्या बोगद्यात घरं ठेवून ते मोजलेले नाहीत. अनुभवी तज्ज्ञांच्या एका गटाला प्रत्येक पायरीसाठी अंदाज विचारले आणि त्यांची सरासरी काढली. मी हे दोष म्हणून सांगत नाही, त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. पण 306 हा आकडा तुमच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडतात त्या क्यूब टेस्टच्या आकड्यासारखा वाचायचा नाही.

आता त्या रात्रीकडे येऊ. 10 डिसेंबरला, ऐन हिवाळ्यात, त्या भागात तापमान 20 अंशांच्या वर गेलं होतं. हिवाळ्यात उंचावरचे वारे जोरदार असतातच. सहसा कमी असतो तो जमिनीलगतचा उबदार दमटपणा. त्या दिवशी मेक्सिकोच्या आखातावरून तोही आला. एकच मेघगर्जनी वादळ आर्कान्सामध्ये उठलं आणि मिझुरी, टेनेसी ओलांडून केंटकीत घुसलं. रात्री साडेनऊच्या सुमारास मेफिल्ड. हिवाळ्यातली वादळं धावतातही जोरात. हा टोर्नेडो ताशी 90 किलोमीटरच्या आसपास पुढे सरकत होता. अंधार, पाऊस आणि हा वेग, म्हणजे खिडकीतून बघून ठरवू म्हणणाऱ्याला वेळच नाही.

सकाळी टीव्हीवर सगळीकडे एकच शब्द होता, ‘चार राज्यांचा टोर्नेडो’. रडारवर वादळ सलग दिसत होतं, त्यामुळे जमिनीवरची वाटही सलगच असणार असं धरलं गेलं. तसं असतं तर 1925 च्या ‘ट्राय-स्टेट’ टोर्नेडोचा 219 मैलांचा विक्रम मोडला असता. तो विक्रम मोडला नाही हे ठरलं ते गाडीतून फिरणाऱ्या माणसांमुळे. टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यात ओबियन परगण्यात हवामान सेवेची पाहणी पथकं प्रत्येक आडवा रस्ता तपासत गेली. एका रस्त्यावर झाडं मोडलेली, पुढच्यावर नुसत्या फांद्या, त्यापुढच्यावर काहीच नाही, आणि मग थोड्या अंतरावर पुन्हा सुरुवात. म्हणजे टोर्नेडो दोन. पहिला आर्कान्सातल्या मोनेटपासूनचा, सुमारे 80 मैलांचा. दुसरा मेफिल्डचा, 165.6 मैल, म्हणजे 266 किलोमीटर आणि जवळपास तीन तास. पुण्याहून निघालेली एसटी साधारण निपाणीला पोहोचेल एवढं अंतर. रुंदी जिथे सर्वात जास्त, तिथे सुमारे 2.4 किलोमीटर. एवढी वाट चालून बघायची म्हणजे काम किती, ते लक्षात घ्या. वाटेत हवामान सेवेची एकाहून जास्त कार्यालयं येतात, प्रत्येकाची हद्द वेगळी. आपल्याकडे दोन तलाठ्यांच्या सजांच्या मधल्या बांधावर जे होतं, ते तिथेही होतं.

पथक जमिनीवर नेमकं काय बघतं, त्यातलं माझ्या रोजच्या कामाचं तेवढं जरा बारकाईने सांगतो.

अमेरिकेतलं सर्वसाधारण घर लाकडी असतं हे तुम्हाला माहीत असेल. खाली काँक्रीटचा स्लॅब किंवा ब्लॉकचं जोतं. त्यावर आडवी फळी, तिला आपण तळपट्टी म्हणू. तळपट्टीवर दीड इंच बाय साडेतीन इंचाचे उभे लाकडी खांब, त्यांवर वरची पट्टी, त्यावर छपराचे वासे, वर प्लायवूड आणि डांबरी शिंगल्स. वारा छपराला वर ओढतो. ती ओढ वाशातून भिंतीत, भिंतीतून तळपट्टीत, तळपट्टीतून काँक्रीटमध्ये उतरायला हवी. ही साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी म्हणजे कुठला तरी खिळा, नाहीतर पट्टी, नाहीतर बोल्ट. घर कुठल्या वाऱ्याला पडलं हे शोधायचं तर कुठली कडी आधी सुटली ते शोधावं लागतं.

पश्चिम केंटकीतल्या एका रस्त्यावर मी असाच एका रिकाम्या स्लॅबवर गुडघे टेकून बसलो होतो. स्लॅब इतका स्वच्छ, की स्वयंपाकघरातल्या फरशीवर बेसिनच्या पाइपाचं तोंड तेवढं उरलेलं. काठावर अर्ध्या इंची अँकर बोल्ट ओळीने उभे होते, दर सहा फुटांवर एक, अगदी नियमाप्रमाणे. लांबून बघणारा म्हणाला असता, उत्तम बांधलेलं घर आहे, दहावी पायरी, द्या 200 मैल. मी पहिल्या बोल्टच्या आट्यांवरून नख फिरवलं. नवे कोरे आटे, एकही दबलेला नाही. नट जोराने उपटून गेला असता तर आटे सोलवटले असते, निदान बोल्ट तरी वाकला असता. हा सरळ उभा होता. याचा अर्थ त्यावर नट कधी बसवलाच नव्हता. पुढचाही तसाच. तिसऱ्यावर नट होता पण खाली वायसर नाही, त्यामुळे तळपट्टीचं भोक फाकून लाकूड वरून निघून गेलेलं, आणि नट अजून जागच्या जागी. त्या बाजूची तळपट्टी खरं तर काँक्रीटमध्ये ठोकलेल्या खिळ्यांवर बसली होती. असं घर 200 मैलांची वाट बघत बसत नाही. त्याला मी दहाव्या पायरीच्या खालच्या टोकाशी ठेवलं.

मालकीणबाई बाजूला उभ्या होत्या. त्या सुरक्षित राहिल्या, कारण त्या रात्री बहिणीकडे गेल्या होत्या. ‘तुम्ही ते बोल्ट एवढे का बघताय?’ त्यांनी विचारलं. काय उत्तर द्यायचं! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी घाईत नट लावायचे सोडून दिले, हे त्यांना त्या क्षणी सांगून काय साधलं असतं? ‘नोंद करतोय,’ म्हटलं.

यात माझीही एक जुनी चूक आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी असाच एक स्लॅब बघून मी अहवालात भला मोठा वेग लिहून टाकला होता. बोल्ट तपासले होते, नट होते, वायसर होते, सगळं होतं. आमच्या वरिष्ठांनी माझाच फोटो माझ्यासमोर धरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. स्लॅबपासून दहा फुटांवर कमरेएवढ्या उंचीची झुडपं होती, हिरवीगार, पानंसुद्धा शाबूत. त्यामागे पत्रपेटी तिच्या लाकडी खांबावर उभी. ‘तीनशे वीस किलोमीटरचा वारा या झुडपांना नमस्कार करून गेला का?’ ते म्हणाले. घर गेलं होतं ते गॅरेजच्या मोठ्या दारामुळे. दार आत ढासळलं, वारा आत शिरला, आतून दाब आला, वरून ओढ होतीच, छप्पर उठलं. छप्पर गेल्यावर भिंतींना वरून धरणारं कुणी उरत नाही, त्या बाहेरच्या बाजूला पडतात. त्या दिवसापासून मी घराचे फोटो काढायच्या आधी अंगणाचे काढतो.

(बाहेर हवेचा दाब कमी होऊन घर ‘फुटतं’, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, असं पूर्वी सांगत असत. करू नका. उघडी खिडकी म्हणजे वाऱ्याला दिलेलं आमंत्रण.)

वाऱ्याच्या दाबाचं गणित तुम्ही आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात शिकलाच असाल: वेगाचा वर्ग गुणिले 0.6. इमारतीच्या आराखड्यासाठी धरायचा पुण्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर, मुंबईचा 44. आता 190 मैल म्हणजे सेकंदाला 85 मीटर घालून बघा. चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास येतं, इमारतीच्या आकाराचा गुणांक धरण्याआधी. दोन गाड्यांच्या गॅरेजच्या दारावर तीन-चार मोटारी रचून ठेवल्यासारखं.

झाडांबद्दल थोडक्यात. झाडं दोन गोष्टी सांगतात: दिशा आणि वेग. दिशेच्या बाबतीत ती फार प्रामाणिक असतात. टोर्नेडोच्या वाटेवर दोन्ही बाजूंची झाडं मधल्या रेषेकडे झुकून पडतात. ढगातून खाली आपटणाऱ्या वाऱ्यात ती पंख्यासारखी बाहेर पसरून पडतात. होकायंत्र घेऊन पन्नास झाडांची दिशा लिहिली की वाद मिटतो. वेगाच्या बाबतीत मात्र डिसेंबर फसवतो. पानगळ झालेली असते, उघड्या ओक वृक्षाला वारा धरायला पानंच नसतात. मे महिन्यात 110 मैलांना खोडातून मोडणारं झाड डिसेंबरात तेवढ्याच वाऱ्यात उभं राहू शकतं. तक्त्यात ऋतूचा रकाना नाही. उपग्रहाच्या चित्रातही उन्हाळ्यातल्या हिरव्या रानावर टोर्नेडोची वाट ओरखड्यासारखी उठून दिसते, हिवाळ्यात करड्या शेतावर करडा पट्टा शोधावा लागतो. त्यात दिवस साडेनऊ तासांचा, पावणेपाचला अंधार, आणि चिखल.

याहून मोठी अडचण म्हणजे पुरावा हलतो. मेफिल्डच्या मेणबत्तीच्या कारखान्यात रात्रपाळीला 100 हून जास्त कामगार होते, 9 जण गेले. तिथे आधी माणसं काढायची. क्रेन आणि जेसीबी चालले की ढिगारा वाऱ्याने असा रचला की यंत्राने, हे सांगता येत नाही. आणि तसं व्हायलाच हवं, जिवंत माणसाच्या वर पडलेला गर्डर ‘पुरावा’ म्हणून कुणी जागेवर ठेवत नाही. म्हणून सुरुवातीला हवामान सेवेने फक्त ‘किमान ईएफ-3’ एवढंच जाहीर केलं. ईएफ-4 पुढे ठरलं. वरच्या श्रेणींचा प्रश्न आला की एकटं पथक निर्णय घेत नाही, बाहेरच्या अनुभवी मंडळींचं मत घेतलं जातं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ईएफ-5 का नाही. ईएफ-5 म्हणजे 200 मैलांच्या वर. तक्त्याप्रमाणे तिथे पोहोचायचं तर अपेक्षेपेक्षाही चांगलं बांधलेलं घर झाडून गेलेलं सापडायला हवं आणि आजूबाजूच्या खुणांनीही तेच सांगायला हवं. बोल्ट, नट, वायसर, पट्ट्या सगळं जागच्या जागी आणि तरीही घर नाही. ग्रामीण केंटकीत असं घर वाटेत यायला हवं ना! जुनी घरं ब्लॉकच्या जोत्यावर नुसती टेकवलेली, नवी घरं नट विसरलेली. वारा कदाचित 190 च्या वर असेलही. पण तो सिद्ध करणारा साक्षीदार वाटेत उभा नव्हता.

हे मी हवेत बोलत नाही. 31 मे 2013 ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ 2.6 मैल रुंदीचा टोर्नेडो झाला. संशोधकांच्या फिरत्या रडारने त्यात ताशी 470 किलोमीटरच्या वर वेग टिपला. वाट मोकळ्या शेतांतून गेली, मोडायला घरं थोडी. श्रेणी मिळाली ईएफ-3. त्याच महिन्यात 20 तारखेला मूर शहरातल्या टोर्नेडोला ईएफ-5 मिळाली आणि त्यानंतर 12 वर्षं कुणालाही ती मिळाली नाही. वारे मंद झाले म्हणून नव्हे. तपासणारे कडक झाले, मी ज्या झुडपांवर शिकलो तसली झुडपं सगळेच बघायला लागले. तो खंड संपला 2025 मध्ये, नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनच्या टोर्नेडोने, आणि ती श्रेणीही घरावरून नाही. रुळांवरून उलटलेल्या भरलेल्या मालडब्यांचं आणि दूर फेकल्या गेलेल्या एका रिकाम्या टाकीच्या डब्याचं गणित मांडून ते ठरवलं. मालडबा कारखान्यात एका मापाने बनतो, वजन ठाऊक असतं, त्यात शुक्रवार संध्याकाळचा सुतार नसतो. मला स्वतःला पुढची वाट हीच दिसते.

आणि मृत्यूंचा प्रश्न. त्या एका टोर्नेडोत 57 माणसं गेली. त्या रात्रीच्या सगळ्या टोर्नेडोंत मिळून 80 च्या वर. डिसेंबरातला याआधीचा मोठा आकडा 1953 मधल्या मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा, 38. पण श्रेणी मृतांवरून ठरत नाही, ठरूही नये. मृत्यू ठरतात घड्याळावर, झोपेवर, तळघर आहे की नाही यावर. मेफिल्डला आपत्कालीन पातळीचा इशारा आधी गेलेला होता.

यात एक गोष्ट मला नेहमी टोचते. चाकांवर आणून ठेवलेलं मोबाइल होम हे तिथल्या गरिबाचं घर. सिंगल-वाइड मोबाइल होम पूर्ण नष्ट झालं, तुकडे दूर उडाले, ही त्याची शेवटची पायरी, आणि तिचा अपेक्षित वेग 127 मैल, कमाल 148. वारा 130 चा असो की 200 चा, ते घर त्यापुढे काही सांगूच शकत नाही, कारण तोवर ते उरलेलं नसतं. म्हणजे अशा घरांच्या वस्तीवरून टोर्नेडो गेला तर नकाशावर तिथे साधारण ईएफ-2 उमटतो, आणि शेजारच्या विटांच्या बंगल्यांवरून गेला की अचानक ईएफ-4. टोर्नेडो रस्ता ओलांडताना बळावला, असं नकाशा बघणाऱ्याला वाटतं. त्या बारीक रेघांखाली किती माणसं गेली ते रंगावरून कळत नाही.

केंटकीतल्याच बोलिंग ग्रीन शहराचंही तसंच. त्याच रात्री तिथे दुसरा टोर्नेडो झाला, 16 माणसं गेली, अंदाजे वेग 165 मैल. ईएफ-4 सुरू होते 166 ला. एका मैलाच्या फरकाने तो ईएफ-3 राहिला. मघाशी सांगितलं तसं एका स्लॅबच्या अंदाजातच 55 मैलांची रेंज असते, तिथे एक मैल! यावर वर्तमानपत्रांत वाद रंगले होते. आमच्या धंद्यात कुणी त्यावर पैज लावणार नाही.

गोदामांबद्दल एक परिच्छेद, कारण तुम्ही पुढेमागे असली कामं कराल. त्याच संध्याकाळी इलिनॉयमधल्या एडवर्ड्सव्हिलला एका ऑनलाइन विक्री कंपनीचं प्रचंड गोदाम कोसळलं, 6 जण गेले. टोर्नेडो ईएफ-3. तिथल्या भिंती काँक्रीटच्या, जमिनीवर आडव्या ओतून क्रेनने उभ्या केलेल्या. भिंत दिसायला दणकट, पण तिला वरून छपरानेच धरलेलं असतं. छप्पर गेलं की 40 फूट उंचीची भिंत म्हणजे टेबलावर उभं केलेलं पोस्टकार्ड. वजन मात्र पोस्टकार्डाचं नसतं. आपल्याकडे भिवंडी आणि चाकणला असली गोदामं उभी राहताना बघतो तेव्हा माझी नजर भिंतीवर जात नाही, भिंत आणि छप्पर जिथे भेटतात त्या जोडावर जाते.

कागद किती लांब उडाले यावरून वेग काढता येतो का, असंही लोक विचारतात. केंटकीतल्या डॉसन स्प्रिंग्समधल्या एका कुटुंबाचा जुना फोटो 130 मैलांवर इंडियानात एका मोटारीच्या काचेला चिकटलेला सापडला, ते खरं आहे. रडारवर ढिगाऱ्याचे तुकडे 30,000 फुटांच्या वर दिसले होते. तेवढ्या उंचीवर गेलेला कागद पुढे उंचावरच्या वाऱ्याबरोबर जातो. जमिनीलगत काय चाललं होतं याबद्दल तो काही सांगत नाही.

राहिला श्रीवर्धनचा प्रश्न. 3 जून 2020 चं निसर्ग हे चक्रीवादळ होतं, टोर्नेडो नव्हे. मराठी वर्तमानपत्रं दोन्हींना एकच शब्द वापरतात, पण शेकडो किलोमीटर पसरलेलं वादळ वेगळं आणि अडीच किलोमीटर रुंदीची फिरती वाट वेगळी. उलटा हिशोब मात्र दोन्हींत चालतो. ईएफचा तक्ता जसाच्या तसा उचलू नका. त्यात मंगलोरी कौलांचं घर नाही, चिऱ्याची भिंत नाही, नारळ-सुपारीची वाडी नाही. तुम्हाला तुमच्या खुणा बनवाव्या लागतील. आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून जो पंचनामा करतात त्यावर अवलंबून राहू नका. तो भरपाईसाठी असतो. त्यात ‘घराचे अंशतः नुकसान’ असं लिहिलेलं असतं. पत्रा का गेला हे त्यात नसतं.

तुमच्याच घरापासून सुरुवात करा. उडालेले पत्रे परसात रचून ठेवले असतील, तर प्रत्येकाचं हुकाचं भोक बघा. भोक लांबट फाटलंय का? मग पत्रा हुकावरून ओढून निघालाय, हुक टिकला. भोक गोल शाबूत आहे? मग हुक सरळ झाला असेल किंवा त्याचा नट गंजून आधीच गेला असेल. पत्र्याबरोबर वासाही आलाय? मग दोष आणखी खाली आहे, भिंतीत. पत्र्याची जाडी, हुकांमधलं अंतर, वाशाचं लाकूड, भिंतीवर वासा कशाने बांधलाय, हे सगळं वहीत टिपा आणि सोबत टेप धरून फोटो काढा. आजोबांना विचारा की तो पत्रा कधी चढवला होता. वाडीत किती सुपारी मुळासकट गेल्या, किती मधून मोडल्या, कुठल्या दिशेला पडल्या, हेही विचारून घ्या. वाडीतले गडी दिशा बिनचूक सांगतात, त्यांनीच ती लाकडं ओढून काढलेली असतात. आळीतली दहा घरं अशी झाली की मला पाठवा. पहिल्या घराचे फोटो काढताना अंगण विसरू नका.